खुंटी, पाट आणि कज्जा: सोने धुणारे वकील कसे झाले

नाशिकच्या जमिनीत सोने नाही. पायाखाली आहे तो लाव्ह्याचा काळा पाषाण, थरावर थर. इथले सोने बाहेरून येते आणि सराफ बाजारात थांबते. पण सोने धुण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. सोनाराच्या दुकानातला केर, ओट्याखालची माती, गटारातला गाळ गोळा करून त्यातून कण कण सोने वेगळे करणारे झारेकरी हेच काम पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. 1849 साली कॅलिफोर्नियात ओढ्याकाठी उकिडवा बसलेला माणूस आणि आपला झारेकरी यांच्या कामाचे तत्त्व एकच आहे. म्हणून अमेरिकेतल्या त्या सोनेधुव्यांची हकीगत घमेल्यापासूनच सांगायला हवी. ते वकील कसे झाले, आमदार-न्यायाधीश कसे झाले, हे कळायला त्यांचे हात आधी कशात होते ते कळावे लागते.

दोन माणसे डोळ्यांसमोर ठेवू. विल्यम मॉरिस स्ट्युअर्ट, जन्म 1825, न्यूयॉर्क राज्यातला. येल कॉलेजातले शिक्षण सोडून 1850 मध्ये कॅलिफोर्नियात आला, नेवाडा सिटीजवळ सोने धुऊ लागला, 1852 मध्ये वकिलीच्या अभ्यासाला बसला आणि पुढे अमेरिकेच्या सिनेटमध्ये दोनदा मिळून 28 वर्षे राहिला. दुसरा लॉरेन्झो सॉयर, जन्म 1820. तोही 1850 मध्येच आला, पण वकिलीची सनद पूर्वेकडूनच घेऊन. थोडा काळ खाणीत राबला, मग पुन्हा वकिली, मग सॅन फ्रान्सिस्को शहराचा सरकारी वकील, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश आणि 1870 पासून संघराज्याचा सर्किट, म्हणजे विभागीय, न्यायाधीश. एकाने खाणीचा कायदा लिहिला. दुसऱ्याने 1884 मध्ये त्याच डोंगरातल्या सर्वांत मोठ्या खाणीला मनाई हुकूम दिला.

आता घमेले. सोन्याचे विशिष्ट गुरुत्व 19.3, गारगोटीचे 2.65. नदीतले सोने शुद्ध नसते, त्यात चांदी असते, तरी ते वाळूच्या सहापट जड भरते. सगळी कला या फरकावर उभी आहे. परात पाऊण भरायची, पाण्याखाली पूर्ण बुडवायची आणि आधी हाताने चिकणमातीची ढेकळे फोडायची. इथेच नवशिक्याचे सोने जाते. न फुटलेले ढेकूळ पाण्यावर गडगडत बाहेर पडते आणि पोटातले कण घेऊन जाते. मोठे गोटे धुऊन वेचून टाकायचे. मग परात आडवी, सपाट ठेवून जोरात हलवायची, म्हणजे जड ते तळाला बसते. हे बसल्यावरच परात तिरकी करून वरची वाळू पाण्याच्या हबक्याने काढायची. तळाला काळी वाळू उरते. ती बहुतेक चुंबकीय लोहखनिजाची असते, तिला वाळवून लोहचुंबकाने ओढतात किंवा हलकेच फुंकतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे तेलकट परात. स्वयंपाकाच्याच परातीत सोने धुतले की बारीक कण तेलामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतात आणि वाहून जातात. म्हणून परात आधी विस्तवावर तापवून तेल जाळून टाकायचे.

दिवसभर उकिडवे बसून सरावलेल्या माणसाच्या पन्नासेक पराती होत. एवढ्याने भागत नाही म्हणून पाळणा आला: वर भोकांचा पत्रा, खाली तिरके कापड, तळाला आडव्या पट्ट्या. एकाने माती टाकायची, एकाने पाणी ओतायचे, एकाने झुलवायचे. त्यानंतर लाकडी पन्हळी. बारा फुटांची एक पेटी, अशा पेट्या एकापुढे एक जोडायच्या, दर पेटीला साधारण सहा इंचांचा उतार. उतार जास्त झाला तर सोने पट्ट्यांवरून उड्या मारत निघून जाते. कमी झाला तर पट्ट्यांमागे वाळू घट्ट बसते आणि सोन्याला बसायला जागा उरत नाही. पट्ट्यांमागे पारा घालत, तो बारीक कण धरून ठेवतो. आठवड्याने पन्हळ धुवायची, पारा-सोन्याचा लगदा हरणाच्या कातड्यातून पिळायचा, उरलेला गोळा बंद भांड्यात तापवायचा आणि वाफ नळीतून थंड करून पारा परत मिळवायचा. नळीचे तोंड पाण्यात खोल बुडवून ठेवले आणि भांडे गार व्हायला लागले की पाणी उलटे आत ओढले जाते आणि तापलेले भांडे फुटते. नळीच्या तोंडाला ओले फडके गुंडाळणे हा त्यावरचा साधा उपाय. वाफ नाकात गेली तर काय होते ते उघड्यावर पारा जाळणाऱ्या कोणालाही विचारावे. हातांचा कंप आणि सुटलेले दात हा त्या धंद्याचा कायमचा हिशेब आहे, तिथेही आणि इथेही.

परातीला एक माणूस पुरतो, पाळण्याला तीन लागतात, पन्हळीला टोळी आणि पाट लागतो. जसजशी माणसे आणि पाणी वाढले, तसतसा हिस्सा, हद्द, पाळी, करार हे सगळे उभे राहिले. भांडणे सोन्यावरून कमी आणि या गोष्टींवरून जास्त झाली. दुसरीकडे मजुरी उतरत गेली. इतिहासकारांचा अंदाज असा की 1848 मध्ये खाणीतल्या माणसाला दिवसाला वीसेक डॉलर सुटत, 1852 मध्ये सहाच्या आसपास आणि 1856 पर्यंत तीन. वरवरचे सोने संपले होते. लिहिता-वाचता येणाऱ्या, चारचौघांत उभे राहून बोलू शकणाऱ्या माणसाला तेव्हा भांडणातच अधिक मिळकत दिसू लागली, यात नवल नाही.

आणि भांडायला कायदाच नव्हता. 24 जानेवारी 1848 रोजी कॅलिफोर्नियातल्या कोलोमा इथे सोने सापडले. 2 फेब्रुवारीला मेक्सिकोने तहाने हा मुलूख सोडला. 12 फेब्रुवारीला लष्करी गव्हर्नर मेसन यांनी खाणींविषयीचे मेक्सिकन कायदे व रिवाज रद्द केले, आणि त्यांच्या जागी काहीच आणले नाही. जमीन संघराज्य सरकारची, पण खासगी माणसाने त्यात खणावे की नाही याबद्दल सरकारचा एक शब्दही नाही. कॅलिफोर्निया राज्य झाले ते 9 सप्टेंबर 1850 ला. मधल्या काळात हजारो माणसे परक्याच्या जमिनीत खणत होती, आणि कागदावर त्यातला एकही जण हक्कदार नव्हता.

मग त्यांनी सभा घेतल्या. झाडाला नोटीस, ठरल्या दिवशी जमायचे, एक अध्यक्ष, एक चिटणीस, हात वर करून ठराव. त्या ठरावांचा साचा एखाद्या गावच्या पाणी वापर संस्थेच्या सभेसारखा आहे. आधी या सभेचा अंमल कुठून कुठपर्यंत ते ठरवायचे: अमुक ओढ्याच्या मुखापासून तमुक खिंडीपर्यंत. मग एका माणसाला किती जागा. मग ती कशी दाखवायची: चार कोपऱ्यांना खुंट्या, एका खुंटीवर नाव आणि तारखेची चिठ्ठी. मग नोंद: नोंदकाराच्या वहीत ठराविक दिवसांत, ठराविक फी देऊन. आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे कलम, काम. इतके दिवस जागेवर काम झाले नाही तर हक्क गेला, दुसऱ्याने खुंटी ठोकावी. सुरुवातीच्या दिवसांत तर खड्ड्यात टाकून ठेवलेली कुदळ-फावडी हीच ताब्याची खूण मानत. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात गोणपाट अंथरून जागा धरतात, तसे. फरक इतकाच की गोणपाट किती वेळ रिकामे राहिले की जागा सुटते, हे या मंडळींनी लिहून ठेवले.

हे काम करण्याचे कलम मला फार मोलाचे वाटते. त्यामुळे नुसती जागा अडवून बसणाऱ्याला वाव राहत नव्हता. त्यातही शहाणपण होते: ओढा आटला, धुवायला पाणी नाही, तर तेवढे दिवस मोजायचे नाहीत. आजारपणाला सूट. अशी कलमे ज्याने स्वतः पाळणा झुलवला त्यालाच सुचतात. वाद झाला तर तीन किंवा पाच पंच, मोठा असला तर बाराजणांची ज्युरी, आणि बऱ्याचदा सगळे तिथेच हद्दीवर उभे राहून निकाल ऐकत.

उघड्या गाळात चौकोनी जागा पुरते. पण गारगोटीच्या शिरेत सोने असले की चौकोन निरुपयोगी. शीर म्हणजे भिंतीतल्या तिरक्या भेगेसारखी: वर तोंड एका ठिकाणी, खाली जाताना शेजाऱ्याच्या जमिनीखाली सरकते. नेवाडा परगण्यातल्या खाणकामगारांनी 1852 च्या डिसेंबरात यावर नियम केला की प्रत्येकाला शिरेच्या लांबीवर 100 फूट, शोधणाऱ्याला आणखी 100, आणि त्या लांबीतले सगळे उतार, कोन, फाटे त्याचेच. वाचायला सरळ वाटणाऱ्या या एका वाक्याने पुढच्या पन्नास वर्षांतल्या वकिलांची पोटे भरली.

या सभांचे ठराव कोर्टात टिकायचे तर कोणीतरी त्यांना दार उघडायला हवे होते. ते काम स्टीफन फील्ड यांनी केले. ते खाणीत राबले नव्हते. 1850 च्या जानेवारीत मेरीसव्हिलला पोहोचले आणि काही दिवसांतच तिथले अल्काल्डे, म्हणजे दंडाधिकारी-नगरप्रमुख झाले. विधिमंडळात गेल्यावर 1851 च्या दिवाणी प्रक्रिया कायद्यात त्यांनी एक कलम घातले: खाणीच्या जागेच्या दाव्यात त्या ठिकाणच्या रूढी, वहिवाट आणि नियमांचा पुरावा घ्यावा, आणि ते राज्याच्या घटनेशी व कायद्यांशी विसंगत नसतील तर निकाल त्यांवरच व्हावा. आपल्या कोर्टांत वहिवाट हा शब्द रोज उच्चारला जातो, त्यामुळे या कलमाचे वजन इथल्या वाचकाला वेगळे समजवावे लागणार नाही. एका फटक्यात झाडाखालचा ठराव पुरावा झाला. आणि तो ठराव ज्याने केला, ज्याला नोंदवहीतली सही आणि ओढ्याचा बांध दोन्ही ओळखता येत, तो कोर्टात सर्वांत उपयोगाचा माणूस ठरला.

स्ट्युअर्ट अगदी याच वेळी वकिलीकडे वळला. तेव्हा तिथे कॉलेजातून पदवी घ्यावी लागत नसे. एखाद्या वकिलाच्या कचेरीत बसायचे, इंग्लंड-अमेरिकेतल्या कायद्याचे मोठे ग्रंथ वाचायचे, त्याचे दावे-कैफियती नकलून काढायच्या, आणि मग न्यायाधीशांपुढे तोंडी परीक्षा द्यायची. आज नाशिकच्या मुलाला तीन किंवा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, राज्याच्या बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय परीक्षा पार करावी लागते. स्ट्युअर्टचे सारे काही महिन्यांत उरकले. 1852 मध्ये जॉन मॅककॉनेल यांच्या कचेरीत बसला, पुढच्या वर्षी परगण्याचा सरकारी वकील, 1854 मध्ये राज्याचा हंगामी महाधिवक्ता. पुस्तकी पाया कच्चा असणार. पण ज्या खटल्यात प्रश्न पन्हळीच्या उताराचा, खुंटी सरकवल्याचा किंवा पाटाच्या तोंडाच्या फळीचा असे, तिथे पूर्वेकडून आलेला विद्वान वकील साक्षीदाराला काय विचारायचे हेच ओळखू शकत नसे.

पाण्याची गोष्ट आता आली पाहिजे, कारण खरी ताकद तिथे होती. सोने कोरड्या टेकडीवर, पाणी मैलोगणती दूर. मग कंपन्यांनी पाट काढले आणि पाणी मोजून विकायला सुरुवात केली. माप होते खाणीचा इंच: फळीला एक चौरस इंच भोक, वर चार ते सहा इंच पाण्याची उभी उंची, त्यातून जेवढे येईल तेवढे. इथे लबाडीला भरपूर जागा. उंची दोन इंचांनी उतरवली, जाड फळी वापरली, भोकाची कड गोल ठेवली की प्रवाह बदलतो आणि पैसे मात्र तेवढेच. पुढे कॅलिफोर्नियाच्या कायद्याने 40 इंच म्हणजे 1 क्युसेक असे पक्के केले. म्हणजे एक इंच मिनिटाला सुमारे साडेबेचाळीस लिटर. पावसाळ्यात गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक सोडल्याची बातमी आपण वाचतो. त्यातले प्रत्येक हजार म्हणजे असे 40,000 इंच.

जुना इंग्रजी कायदा सांगे की नदीच्या पाण्यावर हक्क काठाच्या मालकाचा, आणि त्याने ते वापरून प्रवाहात परत सोडावे. आपल्या 1882 च्या सुखाधिकार अधिनियमातही काठावरच्या मालकाचा हा हक्क आहेच. खाणीत हे चालेना, कारण तिथे काठाचा मालक कोणीच नव्हता आणि पाणी नेणारा ते दुसऱ्याच खोऱ्यात सोडत होता. 1855 मध्ये अर्विन विरुद्ध फिलिप्स हा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. अर्विनने आधी पाट काढून पाणी वळवले होते, फिलिप्स नंतर येऊन ओढ्याकाठी खणू लागला आणि काठाचा हक्क सांगू लागला. न्यायालयाने पहिल्याच्या बाजूने निकाल दिला: सरकारी जमिनीवर ज्याने आधी खुंटी ठोकली त्याची जागा, तसे ज्याने आधी पाणी वळवले त्याचे पाणी. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेचा पाणीकायदा आजही बराचसा यावर उभा आहे. पहिल्याचे पूर्ण भरल्याशिवाय दुसऱ्याला थेंब नाही, आणि वापरले नाही तर हक्क गेला.

आपल्या जिल्ह्यातल्या फडबागायतीशेजारी हे ठेवून पाहावे. मोसम, आरम या नद्यांवर आणि पलीकडे धुळ्यात पांझरेवर शेकडो वर्षे बंधारा, पाट, चाऱ्या आणि फड अशी रचना चालत आली. पाटकऱ्याला शेतकरीच नेमत आणि धान्यात मोबदला देत. लाभक्षेत्राचे बहुधा चार फड, एका फडात एकच पीक. पाणी कमी असले की यंदा कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा हे हंगामाच्या तोंडाशी सगळ्यांनी मिळून ठरवायचे, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्याने तूट सगळ्यांच्या वाट्याला येई. दोन्हीकडे सरकार दूर, दोन्हीकडे नियम वापरणाऱ्यांनीच केलेले. पण खाणीतला माणूस दोन हंगामांत निघून जाणार होता, म्हणून त्याने आधी आलेल्याला सगळे दिले. फडातला शेतकरी कुठेच जाणार नव्हता, म्हणून त्याने टंचाई वाटून घेतली. माझ्या मते दुसरा नियम अधिक प्रौढ आहे.

1859 मध्ये शेजारच्या नेवाडा प्रदेशात (कॅलिफोर्नियातल्या नेवाडा परगण्याहून हा वेगळा) कॉम्स्टॉकची चांदी-सोन्याची महाशीर सापडली आणि स्ट्युअर्ट 1860 मध्ये तिकडे गेला. तिथे नियम होते, पण नोंद ढिसाळ. गोल्ड हिल भागाची नोंदवही दारूच्या गुत्त्यात फळीवर पडलेली असे. येणारा-जाणारा ती उघडे आणि हद्दी खोडून नव्या लिही. ज्याने कधी फेरफार नोंदीत एका आकड्याची चूक निस्तरली आहे, त्याला या वहीवर किती दावे उभे राहिले असतील हे सांगायला नको. शिवाय मूळ वाद भूगर्भाचा होता. सगळी एकच शीर आहे, मध्ये नुसते दगडाचे पडदे आहेत, की शेजारी शेजारी अनेक शिरा आहेत? एकच असेल तर आधी आलेल्या मोठ्या कंपन्या जिंकतात, अनेक असतील तर मागून आलेले. स्ट्युअर्ट एका शिरेच्या बाजूने लढला आणि त्यात त्याने अमाप पैसा मिळवला. साक्षीदार विकत घेणे, ज्युरी फोडणे, न्यायाधीशांवर लाचेचे आरोप, सगळे झाले. 1864 च्या ऑगस्टमध्ये त्या प्रदेशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तिन्ही न्यायाधीशांनी राजीनामे दिले. शिरा खोल जाऊन एकत्र आल्या आणि एकच शीर हे म्हणणे व्यवहारात टिकले, तरी कोर्टाची अब्रू ज्या रीतीने गेली त्यात स्ट्युअर्टच्या बाजूचाही वाटा होता, हे लिहिल्यावाचून पुढे जाणे बरोबर होणार नाही.

नेवाडा राज्य झाल्यावर तो सिनेटमध्ये गेला. तिथे खाणी लिलावाने विकून यादवी युद्धाचे कर्ज फेडावे असा विचार चालला होता. स्ट्युअर्टने 1866 मध्ये जो कायदा पुढे रेटला त्याच्या नावात खाण हा शब्दच नाही; नाव आहे पाट व कालव्यांच्या मालकांना वाट देण्याविषयीचा कायदा. पोटात मात्र सगळे आहे: सरकारी जमिनीतल्या खनिजाची जागा खुली, स्थानिक रूढी मान्य, पाण्याचे आधीचे हक्क मान्य. 10 मे 1872 च्या कायद्याने ते नेटके झाले. शिरेची जागा जास्तीत जास्त 1,500 फूट लांब आणि शिरेच्या दोन्ही अंगांना 300 फूट. गाळाची जागा माणशी 20 एकर. दर वर्षी 100 डॉलरचे काम. 500 डॉलरचे काम झाल्यावर मालकीपत्र, शिरेच्या जागेला एकरी 5 डॉलर आणि गाळाच्या जागेला अडीच. शिरेचे शिखर, म्हणजे वरचे तोंड, आपल्या हद्दीत असेल तर तिच्यामागे शेजाऱ्याखाली जाण्याचा हक्क, पण दोन्ही टोकांच्या हद्दी समांतर हव्यात. समांतर नसल्या तर तो हक्क बुडाला. घाईत खुंट्या ठोकणाऱ्या अनेकांचे नशीब या एका अटीवर फिरले. तो 100 डॉलरचा आकडा म्हणजे झाडाखालच्या सभेतले कामाचे कलमच. मूळ कायदा आजही लागू आहे. नवी मालकीपत्रे देणे 1994 पासून थांबवले आहे, एवढेच.

आपल्याकडे चित्र उलटे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 नुसार खनिजांवरचा हक्क सर्वसाधारणपणे सरकारचा, मग ती वाळू असो की मुरूम. परवान्याशिवाय उपसा केला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्त. शेतात पुरलेला हंडा सापडला तरी 1878 च्या निखात निधी कायद्याने 10 रुपयांहून जास्त किमतीची बाब जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. सापडले ते माझे, ही खाणीतली भाषा इथे कोर्टात कधीच चालली नसती.

झाडाखालच्या त्या सभांना लोकशाहीची शाळा म्हणण्याआधी सभेबाहेर कोण होते ते पाहायला हवे. ज्या टेकड्यांवर खुंट्या ठोकल्या त्या निसेनान या मूळ रहिवासी लोकांच्या होत्या. त्यांना विचारले तर नाहीच, उलट 1850 च्या राज्य कायद्याने आदिवासींना, त्यांच्या मुलांना, वेठबिगारीत बांधण्याची वाट करून दिली. परदेशी खाणकामगारांवर 1850 मध्ये महिन्याला 20 डॉलर कर बसला. तो मेक्सिकन आणि इतरांना हाकलण्यासाठी होता. 1852 पासून तीन-चार डॉलरचा कर मुख्यतः चिनी कामगारांकडून वसूल झाला. 1854 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एका गोऱ्याची खुनाची शिक्षा रद्द केली, कारण साक्षीदार चिनी होते आणि त्यांची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नाही असे ठरवले. साक्षच चालत नसेल तर खुंटी, नोंद, वहिवाट सगळे निरर्थक. कोणीही येऊन जागा घ्यावी. या बाबतीत स्ट्युअर्टने पुढे जे केले ते त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. मताधिकारात वर्ण आडवा येऊ नये अशी पंधरावी घटनादुरुस्ती 1869 मध्ये सिनेटमध्ये त्याने चालवली, आणि 1870 च्या कायद्यात सर्व व्यक्तींना साक्षीचा व कराराचा समान हक्क आणि परदेशातून आलेल्यांवर भेदभावाचे कर नाहीत, हे कलम त्यानेच आणले. चिन्यांना नागरिकत्व द्यायला मात्र त्याने विरोध केला.

आता सॉयर. 1853 मध्ये नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटिसनने नळीच्या तोंडाने टेकडीवर पाण्याचा झोत मारला आणि पन्हळीत माती टाकणाऱ्या फावड्याची गरजच संपवली. पुढच्या वीस वर्षांत लोखंडी नळ आणि तोफेसारखी तोंडे आली, डोंगरच्या डोंगर चिखल होऊन वाहू लागले. नॉर्थ ब्लूमफील्ड कंपनीच्या मालाकॉफ खाणीचा खड्डा सुमारे 600 फूट खोल गेला. तो गाळ सांडायला कंपनीने दीड मैलाजवळ लांबीचा बोगदा काढला, आणि बोगद्यातून सगळे युबा नदीत. गोटे वर राहिले, वाळू आणि गाळ खाली मेरीसव्हिलपर्यंत गेला. नदीचे पात्र शहराच्या रस्त्यांहून उंच झाले, लोक बांध उंचावत राहिले, आणि 1875 मध्ये पूर बांध फोडून आत आला. एकोणिसाव्या शतकातल्या या खाणींनी नद्यांत लोटलेला गाळ पुढे भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी मोजला तेव्हा दीड अब्ज घनयार्डांच्या वर भरला. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले ते पाहून पाणी सराफ बाजारात कधी शिरेल याचा अंदाज बांधणाऱ्या नाशिककराला पात्र वर उचलले गेले म्हणजे काय होते हे आकड्याशिवायही कळेल.

मेरीसव्हिलमधले मालमत्ताधारक एडवर्ड्स वूडरफ यांनी 1882 मध्ये दावा लावला. कंपनीचा बचाव तगडा होता. आम्ही आधी आलो. वहिवाट आहे. 1866 चा कायदा ती मान्य करतो. म्हणजे स्ट्युअर्टचीच शिदोरी. सॉयर यांनी खाणींपासून नदीच्या खालच्या भागापर्यंत फिरून पाहणी केली आणि 7 जानेवारी 1884 रोजी सव्वादोनशे पानांचा निकाल दिला. त्यांचे म्हणणे: खाणकामगारांची वहिवाट आपसातल्या जागा-पाण्याला लागू, तिने खालच्या माणसाच्या शेतावर आणि घरावर गाळ टाकण्याचा हक्क मिळत नाही, कितीही वर्षे चालले तरी सार्वजनिक उपद्रवाला वहिवाटीचे संरक्षण नाही. झोताने खणण्यावर त्यांनी बंदी घातली नाही. गाळ नदीत सोडण्यावर घातली. आणि गाळ न सोडता तो धंदा परवडतच नव्हता.

जायकवाडी आणि नाशिकची धरणे यांचा वाद ज्यांनी जवळून पाहिला त्यांना या निकालातला पेच ओळखीचा वाटेल. आपल्याकडे 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने टंचाईच्या काळात तूट खोऱ्यात समन्यायाने वाटण्याचे तत्त्व घातले आणि मेंढेगिरी समितीने जायकवाडीच्या साठ्यासाठी 65 टक्क्यांचा टप्पा सुचवला; साठा त्याहून कमी असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचे. इथे आधी धरण बांधले म्हणून पाणी आमचे, असे म्हणता येत नाही. कितीही राग आला तरी फडातले तत्त्व तेच आहे.

कॅलिफोर्नियात 1893 मध्ये कॅमिनेटी कायदा झाला: आधी गाळ अडवणारा बंधारा मंजूर करून बांधा, मग झोत मारा. थोड्यांनाच ते जमले. त्याच कायद्याखाली नेमलेल्या गाळ आयोगाने 1941 मध्ये युबा नदीवर इंगलब्राइट धरण पुरे केले, केवळ वरून येणारा खाणींचा गाळ अडवायला. पन्हळीतून निसटलेला पारा त्या गाळात अजून आहे.